उशीत गेलेला तांदूळ

तीर्थस्वरूप मामीस,

इतक्या लांबून वाकायला गेलं तर डोकं तुझ्या पायांऐवजी माझ्याच टेबलावर आपटतं, तरी साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तू खुशाल आहेस हे मला ठाऊक आहे, कारण परवा फोनवर माझ्याशी बोलता बोलता तू दूधवाल्याशी भांडलीस आणि दोन्हीकडे जिंकलीस. मामाचा गुडघा कसा आहे? (त्याला विचारू नकोस, तो ठीक म्हणेल. जिना उतरताना कठडा एका हाताने धरतो की दोन्ही, ते बघ.) धाकट्या मामींना नमस्कार सांग, पण पत्रात काय आहे ते सांगू नकोस. मामालाही वाचायला देऊ नकोस. तो चष्मा शोधतोय तेवढ्यात पत्र पिठाच्या डब्याखाली सरकव, तिथे तुझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही. तू विचारशील, पत्र कशाला, फोनला काय धाड भरली होती? तर तू फोन स्पीकरवर टाकून कणीक मळतेस, आणि जे सांगायचंय ते ऐकायला निम्मी आळी ओट्याशी जमलेली मला नकोय.

आता आधी खाली बस. बसलीस? तू दिलेल्या तांदळात टोके झाले. रव्याला जाळी धरली.

उठू नकोस, पुढे वाच. मला माहीत आहे की तुझ्या डब्यात कीड सापडली असं म्हणणं म्हणजे मामाने कोणाचं पाकीट मारलं असं म्हणण्यासारखं आहे. लोकांच्या घरी गेल्यावर तू चहाआधी त्यांच्या डाळीच्या डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेतेस आणि काही न बोलता परत लावतेस, आणि त्या घरच्या बाईला त्या दिवशी जेवण जात नाही. डब्यांपायी तू कुठे दोन रात्री राहिली नाहीस. सख्ख्या भाचीच्या लग्नात (माझ्या नव्हे, माझं कुठलं, ताईच्या) अक्षता पडल्या आणि तू परतीच्या गाडीत बसलीस. का, तर आभाळ उघडलंय, तांदळाला ऊन दाखवायचंय, मी नसले तर कोण दाखवणार. हे वाक्य तू इतक्यांदा म्हणालीस की लहानपणी मला वाटायचं ऊन दाखवणं म्हणजे तांदळाला कुठेतरी फिरायला नेणं.

तर दोष तुझा नाही, हे आधी सांगते. दोष धाकट्या मामींच्या जावईबापूंचा. त्यांनी सामान आणून दिलं, उपकार झाले, बसले, चहा घेतला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मामींनी पिशव्यांत कडुलिंबाचा पाला घातला होता. विमानात पाला चालत नाही, मी निवडून काढून टाकला." एकेक पान काढलं हो त्यांनी. शिकलेला माणूस, बारीक कामाला वाघ. डाळीला तू एरंडेल चोळलं होतंस ते काही त्यांना पुसता आलं नाही, म्हणून डाळ वाचली. तिच्या वाटेला एक किडा गेला नाही. मामाच्या जुन्या पायजम्यातून तू शिवलेली ती डाळीची पिशवी मी तेव्हापासून आदराने हाताळते.

आता ही गोष्ट इतकी मोठी का झाली, त्यासाठी तुला माझी खोली सांगितली पाहिजे. आजवर मी खोल्या इतक्या बदलल्या की मामा म्हणतो, हिचा पत्ता वहीत पेन्सिलीनेच लिहावा. टायरच्या दुकानावरची झाली, मग त्या गाणाऱ्या मुलीबरोबरची झाली (गाण्याचं काही नाही, पण ती एकच ओळ गायची), मग जिन्याखालची. कामंही तशीच. आता मी एका मोठ्या लाँड्रीत आहे, तिथे दवाखान्यांच्या आणि वृद्धाश्रमाच्या चादरी-अभ्रे येतात. मशीनमधून चादरी दोरखंडासारख्या पिळून निघतात, त्या आम्ही दोघी दोन टोकांना धरून झटकतो, घडी घालत एकमेकींकडे चालत येतो, मधे भेटतो आणि परत मागे जातो. दिवसभर हेच. संध्याकाळी रस्त्यात कोणी समोरून आलं तरी हात पुढे जातात. पण काय सांगत होते, खोली.

खोली एका बाईंच्या घरात आहे. त्यांनी सगळा जन्म बटणांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढला. समोरून बटणं वाहत जायची आणि बाई त्यातलं वाईट तेवढं उचलून टाकायच्या. आता निवृत्त आहेत, पण नजर अजून कामावरच आहे. मी त्यांना मनात बटणबाई म्हणते. स्वयंपाकघर दोघींचं एकच, कपाटातला खालचा खण माझा, वरचे त्यांचे. नियम थोडे पण पक्के. पाहुणा आणायचा नाही. मांजर आणायचं नाही. "घरात जिवंत म्हणून आपण दोघीच," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कुंडीतल्या झाडाचं काय, असं मी विचारणार होते, पण कुंडीत झाड नव्हतं, खिळे होते. हिवाळा संपेपर्यंत राहून बघ, मग ठेवायचं की नाही ते सांगेन, असं ठरलं. आणि मामी, खोल्या सोडण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण ही एक मला सोडायची नाही. मोठी आहे, कडी नीट लागते, खिडकीत थोडं का होईना ऊन येतं. आणखी एक कारण आहे, ते पुढे सांगते.

तर एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो आणि आमच्या दोघींच्या मधून एक राखाडी पाकोळी उडत गेली. चिमुकली, तिळाएवढी म्हण. बटणबाईंनी घास खाली ठेवला. मान हलवली नाही, फक्त डोळे तिच्यामागे नेले, जणू हिला दोन भोकं आहेत की चार ते बघतायत.

"हे कुठून आलं?"

"बाहेरून आलं असेल."

"बाहेर बर्फ आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा जेवू लागल्या. मी मात्र माझ्या खणाकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्या आणि मी खण उघडला. रव्याची पिशवी उचलली तर रवा खाली सांडेना, जाळीला धरून लोंबत राहिला. तांदळात हात घातला आणि तांदूळ चालायला लागला. मी पिशवी बंद केली, जरा वेळ ओट्याशी उभी राहिले, पुन्हा उघडली. (आपण बघितलं नाही तर ते जातील अशी माझी एक समजूत आहे. बिलांच्या बाबतीतही आहे.) टाकून द्यायचा विचार आला नाही असं नाही. पण तो तांदूळ तू निवडलेला. तुझ्या हातचं अन्न कचऱ्याच्या पेटीत टाकायचं म्हणजे पेटीचं झाकण उघडल्यावर आतून तूच बघशील असं वाटलं. रवा चिमण्यांना घातला, त्या बर्फात बिचाऱ्यांची दिवाळी झाली. राहिला तांदूळ.

मग म्हटलं, मामी काय करते? ऊन दाखवते. मी परातीत तांदूळ पसरला आणि खिडकीत ठेवला. आता इथलं ऊन म्हणजे, मामी, दारात उभं राहून "नाही, बसत नाही, घाईत आहे" म्हणणारा पाहुणा. आपल्याकडे परात उन्हात ठेवली की टोके कासावीस होऊन सावलीकडे पळतात. इथे त्यांनी थंडगार काच बघितली, मागे ऊबदार खोली बघितली आणि रांगेने माझ्या अंथरुणाकडे निघाले. पुढे एक, मागे सगळे, अगदी जेवणाच्या पंगतीला निघाल्यासारखे. मी उशीच्या टोकाशी बसून एकेकाला कागदावर घेऊन परत परातीत सोडत होते, तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. परात पलंगाखाली आणि मी पलंगावर. "बरं नाही का?" बाईंनी दारातून विचारलं. मी म्हणाले, अंग जरा वळवळतंय. मामी, खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी डोकं चालवलं. लाँड्रीत कपडे वाळवायची एक खोली आहे, आत गेलं की भट्टीत शिरल्यासारखं होतं. तांदूळ चाळला, दिसले तेवढे टोके काढले, तिथल्याच एका पांढऱ्या अभ्र्यात तांदूळ भरला, तोंडाला गाठ मारली आणि वाळवणीच्या खोलीत मागच्या हुकाला टांगला. म्हटलं, ऊन नाही तर ऊन-मावशी. दुपारी काढून आणू. आणि मी चादरी झटकायला गेले.

पण आमच्याकडे एक गाडीवाला आहे, धुतलेलं सामान पोचवतो. अत्यंत प्रामाणिक माणूस, त्याच्या प्रामाणिकपणाने आजवर पुष्कळांचं नुकसान केलंय. वृद्धाश्रमाच्या गठ्ठ्यात एक अभ्रा कमी भरला. दुसऱ्या कोणी उद्या देऊ म्हटलं असतं. यांनी सगळीकडे शोधलं, वाळवणीच्या खोलीत हुकाला एक सापडला, तो घेतला, गाठीसकट गठ्ठ्यात ठेवला आणि गेले. मी दुपारी जाऊन बघते तर हूक मोकळा.

"तो जड होता, तुला शंका नाही आली?" मी त्याला विचारलं.

"आली ना. म्हटलं, ओला राहिला असेल. पण हाताला गरम लागला, म्हणून नेला."

दोन दिवसांनी, पुढच्या फेरीला, मी त्याच्या शेजारी बसून वृद्धाश्रमात गेले. वाटेत तो मला समजावत होता की तांदूळ आणि अभ्रा या वेगवेगळ्या वस्तू आहेत. मी ऐकून घेतलं. मनात एकच धास्ती, ही गोष्ट लाँड्रीतून निघाली तर काम जाणार, आणि काम गेलं की बटणबाई खोली कशाला ठेवतायत.

वृद्धाश्रमात नर्सबाईंना म्हटलं, तुमच्याकडे चुकून आमचा एक भरलेला अभ्रा आलाय. त्या म्हणाल्या, तो होय, तो आता कोणाच्या बापाला परत मिळणार नाही. आणि मला एका आजोबांच्या खाटेशी नेलं. ताठ मानेचे आजोबा. स्वभावाने नव्हे, खरोखरच मान वळत नव्हती, किती वर्षांची. गठ्ठ्यात अभ्रा सापडला तो गरम आणि जड, नर्सबाईंना वाटलं शेकायची नवी उशी पाठवलीय, त्यांनी ती आजोबांच्या मानेखाली सारली. आणि आजोबांची मान वळली. पहिल्यांदा ते डावीकडे वळले, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना बघितलं आणि म्हणाले, "हे कधी आले?" ते गृहस्थ तिथे दोन हिवाळे होते.

"उशी कोणी केली?" आजोबांनी मला विचारलं. मी काय सांगणार? मामीने, असं तोंडातून निघून गेलं.

"मामींना सांग, माझी मान त्यांची आहे." मग जरा जवळ बोलावून म्हणाले, "फक्त एक. दुपारी ही उशी बारीक आवाजात बोलते. मला त्रास नाही, सोबत होते. पण काय म्हणते ते कळत नाही."

मी उशीला कान लावला. आतून कुरकुर कुरकुर. म्हणजे भट्टीतूनही काही वाचले होते. आता त्या आजोबांना मी काय सांगू, की तुमच्या मानेखाली जेवणं चालली आहेत? मी म्हणाले, तांदूळ आहे, त्याला ऊन हवंय. तसं ते लगेच म्हणाले, ऊन आहे की, व्हरांड्यात या.

आणि मामी, काय व्हरांडा. लांबलचक, बाहेरच्या बाजूने सगळा काचेचा, आणि माध्यान्हीला त्यात अस्सल ऊन. त्यासाठीच सगळे म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्या टाकून रांगेने बसलेले. मी चादर अंथरली, त्यावर तांदूळ पातळ पसरला आणि राखायला बसायच्या तयारीने मांडी घातली. (वाळवणाशी मला बसवलं की वाळवण कावळेच राखायचे, हे तुझं वाक्य आठवलं.) पण माझी गरजच पडली नाही. दोन मिनिटांत सगळ्यांच्या काठ्या चादरीकडे वळल्या. टोके बाहेर निघाले तसा एकच गलका. हा बघा, तो बघा, तुमच्या बाजूने एक पळतोय, अहो डोळे आहेत की बटणं. एका आजींनी आपला एक टोका निवडला, तो काठाला आधी पोचेल म्हणून शेजारणीशी पैज लावली, आणि तो अर्ध्यातून वळला तर त्याला काठीने पुन्हा मार्गाला लावला. यावरून तंटा झाला. आजोबा मान फिरवून फिरवून दोन्हीकडे निकाल देत होते. नर्सबाई म्हणाल्या, एरवी जेवायला उठवावं लागतं, आज कोणी उठेना. निघाले ते सगळे टोके दाराबाहेर रवाना झाले. तांदूळ इतका स्वच्छ, तुला दाखवावा. गाडीवाला पण वाकून बघत होता. लाँड्रीत काही बोलणार नाही म्हणाला, कोणी विचारलं नाही तर. (मामी, अजून कोणी विचारलेलं नाही.)

अर्धा तांदूळ मी आजोबांच्या अभ्र्यात शिवून दिला. तुला न विचारता दिला, पण तू असतीस तर सगळा दिला असतास आणि वर पथ्य सांगितलं असतंस. अभ्र्याचं म्हणशील तर नर्सबाईंनी त्याच्या बदली एक जुना अभ्रा आमच्या हवाली केला, गाडीवाल्याची मोजणी जमली आणि त्याचा चेहरा उजळला.

उरलेला तांदूळ घेऊन मी शीळ घालत घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात शीळ तोंडातच राहिली. सगळं कपाट टेबलावर होतं. माझा खण, वरचे खण, सगळे रिकामे. बटणबाई चष्मा लावून, दिवा जवळ ओढून बसलेल्या. समोर पांढरी ताटली, ताटलीत तुझी डाळ. मला वाटलं, झालं, आता जिन्याखालच्या खोलीत चौकशी करावी. पण बाई डाळ निवडत होत्या, मामी. दोन बोटांनी, वर न बघता, तुझ्यापेक्षा जलद. (बरं, तुझ्याइतकी.) बाजूला दोन खडे आणि एक काळा दाणा काढून ठेवलेला.

"बस," बाई म्हणाल्या. मी बसले.

त्यांनी एक पिशवी माझ्यापुढे सरकवली. अक्रोड होते. अक्रोड म्हणायला हवं म्हणून म्हणायचं, आत नुसती जाळी, जाळीत अळ्या, आणि पिशवी उघडल्याबरोबर दोन पाकोळ्या दिव्याकडे गेल्या. मी म्हणाले, ही माझी नाही. "नाही," बाई म्हणाल्या, "ही माझी. वरच्या खणातली. तू यायच्या आधीपासूनची." आणि आयुष्यात ज्यांच्या हातून एक वाईट बटण पुढे गेलं नसेल, त्या बाई मान खाली घालून पुन्हा डाळ निवडू लागल्या.

मला फार वाईट वाटलं, मामी. इतकं की मी न विचारता सगळं सांगून टाकलं. परात, अंथरूण, अभ्रा, आजोबा, टोक्यांची शर्यत. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढून पुसला. मग म्हणाल्या, "जिवंत म्हणून दोघीच, हे माझं मोजायला चुकलं." अक्रोडांच्या पिशवीला गाठ मारून म्हणाल्या, खोलीचं हिवाळ्यानंतर काय विचारायचं, आहे ती आहे. आणि मग ताटली उचलून, डाळ दिव्यापुढे धरून विचारलं, हिला एकही किडा लागला नाही, तो कसा? मी एरंडेलाचं सांगितलं. कोणी चोळलं, ते सांगितलं. बाईंनी एक दाणा बोटांत फिरवून दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाल्या, "या बाईंनी माझं कपाट एकदा बघायला हवं."

बाकी काही विशेष नाही. थंडी आहे, मोजे घालते, तेल लावते. (रोज नाही.) मामाच्या गुडघ्याची काळजी घे, तुझी मामा घेत नाही म्हणून तुझी तूच घे.

तुझी पेन्सिलीच्या पत्त्याची भाची

ता. क. अक्रोड आधीचे, म्हणजे रव्याची जाळी बाईंची. टोके कोणाचे हे मी शोधलं नाही आणि शोधणारही नाही. तेव्हा तुझ्या डब्यांचं नाव अजून स्वच्छ आहे. जावईबापूंवर मी जरा अन्यायच केला, पण पाला काढला तो त्यांनीच. धाकट्या मामींना एवढं सांगायला हरकत नाही, तुला बरं वाटेल.

ता. क. दुसरा. खोली का सोडायची नाही ते सांगायचं राहिलं. खिडकीच्या बाजूला दुसरी खाट मावते. पहिल्याच दिवशी टॉवेलने मोजून पाहिलं होतं, पण नियम आडवा यायचा. आता बाई म्हणतात, पाहुणी चालणार नाही, तपासनीस चालेल. तर मामी, तू कपाट तपासायला यायचं आहे. निदान महिनाभर. माझ्या खोलीत कोणी डब्याचं झाकण उघडून वास घेतला नाही, त्याला फार दिवस झाले. आजोबांनाही उशी दाखवायची आहे, ती पुन्हा बोलायला लागली का ते माझ्या कानाला नीट कळत नाही.

ता. क. तिसरा. तांदळाला ऊन कोण दाखवणार, हे म्हणू नकोस. मामा दाखवणार आहे. त्याला यातलं सगळं माहीत आहे, पत्र लपवायचं सांगितलं ते तुला निवांत वाचता यावं म्हणून. गेले काही दिवस तो गच्चीवर गुडघ्यासाठी कोवळं ऊन घ्यायला जातो ना, तो तुझी परात घेऊन सराव करतो. रविवारी तो तुला चष्म्याचा नंबर काढायला म्हणून नेईल. चष्म्याच्या दुकानाआधीच डावीकडे वळला तर रस्त्यात कुरकुर करू नकोस, तिथे पासपोर्टचे फोटो काढतात. हिरवी साडी नेस, आणि फोटोत तरी समोरच्याच्या डब्यात कीड असल्यासारखी बघू नकोस.